खुर्सीपार ते मॅग्निटोगोर्स्क : पाहण्यातून शिकण्याचा प्रवास

मुंबई-हावडा लोहमार्गाने नागपूरहून पूर्वेकडे निघालेली गाडी गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव आणि दुर्ग ही स्थानके मागे टाकते, तेव्हा क्षितिजावर पोलाद कारखान्याची धुरांडी दिसू लागतात. छत्तीसगडमधील भिलाई ती हीच. या नगरीतील खुर्सीपार हा श्रमिकांच्या वस्तीचा भाग. कारखान्याचे एक प्रवेशद्वारही याच नावाने ओळखले जाते. तेलुगू, उडिया, भोजपुरी, छत्तीसगडी आणि हिंदी अशा अनेक भाषा येथील गल्ल्यांतून एकाच वेळी कानी पडतात. भिलाई-दुर्ग-रायपूर पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांमुळे मराठीही या परिसराला परकी नाही.

परदेशातील अभ्यासदौरा म्हटला की आज आपल्या डोळ्यांसमोर विद्यापीठाची भव्य इमारत, वस्तुसंग्रहालय, ऐतिहासिक चौक आणि तेथे काढलेली छायाचित्रे येतात. परंतु दिवसभर प्रेक्षणीय स्थळे पाहिल्यानंतर विद्यार्थ्याच्या वहीत काय उरते, हा प्रश्न मागे राहतोच. या प्रश्नाचे एक उत्तर भिलाईच्या इतिहासात सापडते. हे शहर ज्या कारखान्यामुळे उभे राहिले, तो कारखाना चालविण्यासाठी शेकडो भारतीय तरुणांना परदेशात जाऊन आधी पाहावे आणि मग शिकावे लागले होते.

नागपुरात पाहिलेला नकाशा

या कथेचा प्रारंभ भिलाईत नव्हे, तर नागपुरात होतो. विसाव्या शतकाच्या आरंभी जमशेटजी टाटा यांचे पुत्र दोराबजी हे लोहखनिजाच्या शोधात तत्कालीन चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर परिसरात, फिरत होते. तेथील खनिज आणि कोळसा मोठ्या कारखान्यास अनुकूल नसल्याचे दिसून आल्यावर शोध थांबविण्याचा निर्णय कळविण्यासाठी ते नागपूरला सरकारी अधिकाऱ्याकडे गेले. भेटीस अवकाश होता. तो वेळ त्यांनी जवळच्या वस्तुसंग्रहालयात घालविला. तेथे मध्य प्रांताचा एक रंगीत भूगर्भीय नकाशा लावलेला होता आणि त्यात दुर्ग भागातील लोहखनिजाचे साठे गडद रंगाने दाखविलेले होते. भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी त्या साठ्यांची नोंद पूर्वीच करून ठेवली होती.

दोराबजी आणि त्यांचे सहकारी तातडीने दल्ली-राजहराच्या टेकड्यांवर पोहोचले. खनिज उत्तम प्रतीचे होते. मात्र पोलादासाठी लागणारा कोकयोग्य कोळसा आणि मुबलक पाणी जवळपास नसल्याने टाटांचा कारखाना पुढे आजच्या जमशेदपूर येथे उभारण्यात आला. दल्ली-राजहराच्या लाल टेकड्या अर्धशतकाहून अधिक काळ वाट पाहत राहिल्या. संग्रहालयातील तो नकाशा अनेकांनी पाहिला असेल, परंतु हवा असलेला प्रश्न मनात घेऊन आलेल्या माणसालाच त्याचा अर्थ उमगला.

भिलाईचा करार

स्वातंत्र्यानंतर पोलादाच्या उत्पादनासाठी सार्वजनिक क्षेत्रात तीन मोठे कारखाने उभारण्याचे ठरले. राउरकेला येथे पश्चिम जर्मनीचे, दुर्गापूर येथे ब्रिटनचे आणि भिलाई येथे सोव्हिएत संघाचे साहाय्य घेण्यात आले. भिलाईसंबंधीचा करार फेब्रुवारी १९५५ मध्ये झाला. त्या वेळी भिलाई ज्या मध्य प्रदेश राज्यात होती, त्याची राजधानी नागपूर होती, हे आज अनेकांच्या स्मरणात नसेल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि विदर्भ व छत्तीसगड यांचे प्रशासकीय मार्ग वेगळे झाले.

सोव्हिएत कर्जाचा व्याजदर अडीच टक्के होता आणि त्याची परतफेड बारा वार्षिक हप्त्यांत करावयाची होती. परंतु करारातील अधिक दूरगामी भाग पैशाचा नव्हता. यंत्रे बसविण्याबरोबरच ती चालविणारी भारतीय माणसे तयार करणे, हाही त्या सहकार्याचा भाग होता. यासाठी भारतीय अभियंते आणि तंत्रज्ञ यांना सोव्हिएत संघातील चालू कारखान्यांत प्रशिक्षणास पाठविण्यात आले. त्याच काळात फोर्ड प्रतिष्ठानाच्या साहाय्याने भारतीय पोलाद अभियंत्यांच्या तुकड्या अमेरिकेतही जात होत्या. म्हणजेच एका नवस्वतंत्र देशाने पोलादाची विद्या मिळविण्यासाठी एकाच वेळी जगाच्या दोन विरोधी गटांची दारे ठोठावली होती.

करार झाल्यानंतर काही महिन्यांतच, जून १९५५ मध्ये, पंतप्रधान जवाहरलाल नेहरू सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर गेले. मॉस्को आणि लेनिनग्राड या शहरांबरोबरच उरल पर्वताजवळील मॅग्निटोगोर्स्क या पोलादनगरीलाही त्यांनी भेट दिली. एरवी परदेशी पाहुण्यांना सहजासहजी न दिसणारे हे शहर. राजकीय भेटीगाठींच्या दौऱ्यात भट्ट्यांसाठी वेळ राखून ठेवणे हे सूचक होते. पुढील काही वर्षांत भारतीय प्रशिक्षणार्थी ज्या पोलादनगरींत शिकले, त्यांत मॅग्निटोगोर्स्क आणि युक्रेनमधील झापोरिझ्झ्या यांचा समावेश होतो.

प्रशिक्षणार्थीचा दिवस

अशा प्रशिक्षणात एक दिवस कसा शिकविला जातो, हे समजून घेण्यासाठी पोलाद तयार होण्याची प्रक्रिया थोडक्यात पाहणे उपयुक्त ठरेल. कारण कारखान्यातील फेरीचा क्रम आणि शिकण्याचा क्रम एकच असतो.

प्रथम कोक भट्ट्या. बंद कप्प्यांत, हवेशी संपर्क येऊ न देता दगडी कोळसा अनेक तास तापविला जातो. त्यातील वायू आणि डांबर वेगळे होऊन सच्छिद्र, कणखर कोक उरतो. यानंतर झोतभट्टी. तिच्या माथ्यावरून लोहखनिज, कोक आणि चुनखडी यांचे थर टाकले जातात आणि तळाकडून अतितप्त हवेचा झोत सोडला जातो. कोक जळून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू खनिजातील प्राणवायू ओढून घेतो आणि वितळलेले लोखंड तळाशी साचते. चुनखडी खनिजातील अशुद्ध द्रव्यांशी संयोग पावून मळी तयार करते. ती हलकी असल्याने लोखंडावर तरंगते. ठरावीक वेळाने भट्टीचे तोंड फोडून सुमारे १,५०० अंश सेल्सिअस तापमानाचा रस बाहेर काढला जातो आणि नंतर ते तोंड विशिष्ट मातीने पुन्हा बंद केले जाते.

या लोखंडात सुमारे चार टक्के कार्बन असतो, त्यामुळे ते ठिसूळ असते. पोलाद म्हणजे मुख्यतः हा कार्बन हवा तेवढाच शिल्लक ठेवण्याची कला होय. रेल्वेच्या रुळासाठी तो एक टक्क्याच्याही आत आणावा लागतो. भिलाईत प्रारंभी यासाठी खुल्या चुलीच्या पद्धतीच्या भट्ट्या होत्या. त्यांत एक घाण तयार होण्यास कित्येक तास लागत. शेवटी लाटण कारखान्यात तापलेल्या पोलादाला रूळ, तुळई किंवा सळईचा आकार दिला जातो.

हे सारे पुस्तकात वाचता येते. मग त्यासाठी हजारो किलोमीटरचा प्रवास कशासाठी? उत्तर असे की, भट्टीसंबंधीचे बरेचसे ज्ञान तिच्यासमोर उभे राहूनच मिळते. रस कोणत्या छटेचा झाला म्हणजे तो काढण्यास योग्य झाला, झोताच्या आवाजात कोणता बदल झाल्यास सावध व्हावे, तोंड फोडताना कोणी कोठे उभे राहावे, या गोष्टी अनुभवी कामगाराच्या शेजारी उभे राहिल्याशिवाय कळत नाहीत. म्हणून प्रशिक्षणार्थीला केवळ प्रेक्षक म्हणून ठेवून चालत नाही. तो ज्या पदावर पुढे काम करणार, त्याच पदावरील माणसाच्या सोबत त्याला पाळीत उभे राहावे लागते. आधी पाहणे, मग देखरेखीखाली करणे आणि अखेरीस स्वतः जबाबदारी घेणे, असा तो क्रम असतो.

यात भाषेचा अडथळा मोठा होता. भारतीय अभियंत्यांचे शिक्षण इंग्रजीतून झालेले, तर भट्टीवरचा सोव्हिएत कारागीर रशियन बोलणारा. दुभाषी व्याख्यानात साहाय्य करू शकतो, परंतु भट्टीचे तोंड उघडत असताना भाषांतराची वाट पाहता येत नाही. त्यामुळे यंत्रांची नावे, धोक्याच्या सूचना आणि अंक एवढी तरी रशियन भाषा आत्मसात करणे भाग होते. परदेशी भाषेचा पहिला धडा काव्यातून नव्हे, तर सुरक्षिततेच्या सूचनांतून मिळावा, हे अशा प्रशिक्षणाचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

सुटीच्या दिवशीचे शहर

स्थलदर्शनही शिक्षणाचाच भाग असते, फक्त त्याचा अभ्यासक्रम कोणी छापून देत नाही. मॅग्निटोगोर्स्क शहराच्या मधून उरल नदी वाहते. नदीचा एक तीर आशियात आणि दुसरा युरोपात मानला जातो. पूल ओलांडला की खंड बदलतो. भूगोलाच्या पुस्तकातील सीमारेषा येथे कामावर जाण्या-येण्याच्या वाटेत येते. या शहराची उभारणी १९२९ च्या सुमारास जवळजवळ उजाड गवताळ प्रदेशात सुरू झाली होती. भिलाईहून आलेल्या तरुणाला या गोष्टीत आपल्या गावाचे भविष्य दिसू शकत होते. त्या उभारणीसाठी सक्तीने आणलेल्या माणसांनी मोजलेली किंमत मात्र पाहुण्यांना दाखविल्या जाणाऱ्या स्थळांत समाविष्ट नव्हती. दौऱ्यात काय दाखविले जाते, याइतकेच काय दाखविले जात नाही, हेही जाणणे म्हणूनच आवश्यक ठरते.

मॉस्कोत १९३५ मध्ये सुरू झालेली भुयारी रेल्वे, तेथील त्रेत्याकोव्ह कलादालन, लेनिनग्राडचे हर्मिटाज संग्रहालय ही स्थळे त्या काळच्या पाहुण्यांची ठरलेली आकर्षणे होती. १९६१ मध्ये मराठीतील ज्येष्ठ साहित्यिक आणि शाहीर अण्णा भाऊ साठे यांनीही सोव्हिएत संघाचा प्रवास केला आणि 'माझा रशियाचा प्रवास' हे पुस्तक लिहिले. मुंबईच्या श्रमिक वस्तीत आयुष्य काढलेल्या या लेखकाने स्टालिनग्राडवर पोवाडा रचला होता, तो ते शहर पाहण्यापूर्वी अनेक वर्षे. ऐकलेल्या आणि कल्पिलेल्या शहरात प्रत्यक्ष पाऊल ठेवण्याचा योग पुढे आला. अभियंत्याची वही आणि शाहिराची वही यांत वेगवेगळ्या गोष्टी उतरतात. मात्र दोघांनाही परतल्यावर आपल्या माणसांना काही सांगावयाचे असते.

उलट दिशेचा प्रवाह

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. या भट्टीचे उपयुक्त आकारमान १,०३३ घनमीटर होते. कारखान्याची प्रारंभीची नियोजित क्षमता वार्षिक दहा लाख टन पोलादाची होती. ती पुढे २५ लाख आणि नंतर ४० लाख टनांपर्यंत वाढविण्यात आली.

या काळात शिकविण्याचे काम केवळ परदेशात होत नव्हते. सोव्हिएत तज्ज्ञ आपल्या कुटुंबांसह भिलाईत राहत होते. उभारणीच्या काळातील त्यांचे प्रमुख अभियंते वेनियामिन दिमशित्स हे पुढे सोव्हिएत संघाचे उपपंतप्रधान झाले. उरलच्या हिमवर्षावातून आलेल्या माणसांना छत्तीसगडचा मे महिना हा स्वतंत्र अभ्यासविषय वाटला असल्यास नवल नाही. या मैत्रीची आठवण म्हणून १९७२ मध्ये भिलाईत 'मैत्री बाग' हे उद्यान व प्राणिसंग्रहालय उभारण्यात आले. आज शाळकरी मुलांच्या सहली तेथे येतात त्या पांढरे वाघ पाहण्यासाठी. उद्यानाच्या नावामागील इतिहास शिक्षकांनी सांगितला तरच त्यांना कळतो.

महाराष्ट्रातही हाच प्रयोग झाला. १९५८ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेला युनेस्कोच्या माध्यमातून सोव्हिएत साहाय्य मिळाले. तेथे ५९ सोव्हिएत तज्ज्ञ आणि १४ तंत्रज्ञ येऊन गेले, तर संस्थेच्या अध्यापकांना सोव्हिएत संघात प्रशिक्षण घेण्यासाठी २७ अभ्यासवृत्ती देण्यात आल्या. पवईच्या प्रयोगशाळा आणि भिलाईच्या भट्ट्या यांचे हे नाते फारसे सांगितले जात नाही.

कोण गेले, कोण राहिले

येथे खुर्सीपारकडे परत वळणे आवश्यक आहे. परदेशी प्रशिक्षणाची संधी अभियंते आणि निवडक तंत्रज्ञ यांना मिळाली. पाया खोदणारे, विटा वाहणारे, खनिज फोडणारे आणि ठेकेदाराकडे रोजंदारी करणारे या प्रवासात नव्हते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे मानववंशशास्त्रज्ञ जॉनथन पॅरी यांनी १९९३ पासून भिलाईत दीर्घकाळ क्षेत्रीय अभ्यास केला आणि २०२० मध्ये त्यांचा बृहद्‌ग्रंथ प्रसिद्ध झाला. कायम नोकरीतील कामगार आणि कंत्राटी मजूर यांच्या जीवनात पडलेले अंतर हा त्यातील मध्यवर्ती विषय आहे. परदेशी अभ्यासक शिकण्यासाठी भिलाईच्या वस्त्यांत येतो आणि त्याला येथे काय दिसते, हे जाणून घेणे आपल्यालाही उद्‌बोधक ठरते.

१९८० च्या दशकाच्या मध्यास या कारखान्यात आणि त्याच्या खाणींत साठ हजारांहून अधिक कायम कर्मचारी होते. पुढे यंत्रे बदलली, कायम पदे घटली आणि कंत्राटी कामाचे प्रमाण वाढले. वडील कारखान्यात असल्याने मुलालाही तेथेच नोकरी मिळेल, ही खात्री संपली. भिलाई हे अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या तयारीचे केंद्र म्हणून पुढे आले, त्याची पार्श्वभूमी ही आहे. २०१६ मध्ये भिलाईसाठी भारतीय तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली आणि कुटेलाभाठा येथील तिचा कायमस्वरूपी परिसर २० फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्राला समर्पित करण्यात आला. वस्तीतील मुलासाठी ही संस्था अंतराने जवळ असली, तरी तिच्या प्रवेशपरीक्षेपर्यंतची वाट लांब आहे. परदेशातील शिक्षणाची वाट त्याहूनही लांब.

या वाटेवर काही सरकारी आधार आहेत. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती प्रामुख्याने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असून भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांचाही तीत समावेश आहे. २०२१-२२ पासून तिच्या जागा १२५ करण्यात आल्या. अनुसूचित जमातींसाठी आदिवासी कार्य मंत्रालयाची स्वतंत्र योजना आहे. तिच्या जागा वर्षाला २० असतात. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती उपलब्ध आहे. देशाचा विस्तार पाहता या जागा थोड्याच म्हणाव्या लागतील.

शिष्यवृत्तीचे मोल काय असते, याचे मराठी जनांना परिचित असलेले उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे आहे. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनमध्ये शिकत असताना त्यांचा दिवस ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात उघडण्याच्या वेळी सुरू होई आणि ते बंद होईपर्यंत चाले. जगभरचे प्रवासी ज्या वास्तूत प्राचीन मूर्ती पाहण्यासाठी येत, तेथेच हा विद्यार्थी अर्धपोटी राहून वाचत बसे. एकच इमारत कोणाला प्रेक्षणीय स्थळ वाटते, तर कोणाला अध्ययनाची जागा.

बदललेले जग

ज्या शहरांत भारतीय तरुण शिकले, त्या शहरांचे पुढे काय झाले, हेही पाहिले पाहिजे. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला. मॅग्निटोगोर्स्क रशियात राहिले, झापोरिझ्झ्या युक्रेनमध्ये. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि एकेकाळी एकाच योजनेचे भाग असलेल्या या पोलादनगरी युद्धाच्या दोन बाजूंना गेल्या. मारिउपोल येथील अझोवस्ताल हा प्रचंड पोलाद कारखाना वेढ्यात उद्‌ध्वस्त झाला. त्या वेळी युक्रेनमध्ये शिकणारे हजारो भारतीय विद्यार्थी अडकले होते. 'ऑपरेशन गंगा' या मोहिमेच्या काळात सुमारे २२,५०० भारतीय नागरिक परतले. त्यांत वैद्यकीय विद्यार्थ्यांची संख्या मोठी होती. परदेशातील शिक्षणाचा निर्णय घेताना शुल्क आणि पदवीची मान्यता यांबरोबरच त्या देशातील परिस्थितीचाही विचार करावा लागतो, हा धडा त्यातून मिळाला.

वहीत काय लिहावे

अभ्यासदौऱ्यावर जाणाऱ्या विद्यार्थ्याला या इतिहासातून काही साध्या गोष्टी घेता येतील. निघण्यापूर्वी आपला प्रश्न ठरवावा. प्रश्न नसेल तर नकाशा केवळ रंगीत कागद राहतो. मार्गदर्शकाबरोबरच प्रत्यक्ष काम करणाऱ्याशी बोलावे आणि त्यासाठी तेथील भाषेचे निदान शंभर शब्द शिकून जावे. जे पाहिले, ते त्याच रात्री लिहून ठेवावे, आकडे आणि आकृत्यांसह. काय दाखविले गेले नाही, याचीही नोंद करावी. आणि परतल्यावर ती वही कोणाला तरी वाचावयास द्यावी.

प्रशिक्षण संपवून परतलेल्या अभियंत्यांकडून अपेक्षा हीच होती की, त्यांनी परदेशी तज्ज्ञाची जागा घ्यावी आणि आपल्या शेजारी दुसऱ्याला उभे करून शिकवावे. भिलाईत प्रारंभी तयार होणारे रूळ १३ मीटर लांबीचे असत. आज येथील नव्या लाटण कारखान्यात १३० मीटर लांबीचा अखंड रूळ तयार होतो. हे अंतर परदेशातून आलेल्या यंत्रांनी जेवढे कापले, तेवढेच येथे शिकलेल्या हातांनीही. खुर्सीपारच्या प्रवेशद्वारातून पाळीला आत जाणाऱ्या कामगारांपैकी फार थोड्यांनी परदेश पाहिला असेल. त्यांच्या मुलांपैकी ज्यांना तो पाहण्याची संधी मिळेल, त्यांना आपल्या वस्तीतील धुरांड्यांमागचा हा प्रवास ठाऊक असावा. परदेशातील पहिल्याच दिवशी कोणी गाव विचारले, तर त्यांच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ असेल.